आंब्याची पेटी, बांगड्याचा क्रेट: जुन्या कोडवर उभं केलेलं सॉफ्टवेअर ‘नवीन’ म्हणायचं का?

पार्श्वभूमी

देवगड आणि मालवणच्या मधल्या किनाऱ्यावर एक मच्छीमार सहकारी संस्था आहे. सभासदांना डिझेल आणि बर्फ उधारीवर द्यायचं, जेटीवर मासळीचा लिलाव लावायचा, व्यापाऱ्याकडून आलेल्या रकमेतून उधारी आणि संस्थेचं कमिशन कापून उरलेले पैसे होडीवाल्याच्या हातात ठेवायचे, एवढाच तिचा व्यवहार. एवढाच म्हणायला. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी प्रत्येक होडीचे वेगळे कागद मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवावे लागतात, आणि एक बिल हरवलं की सभासद सचिवांच्या ओटीवर येऊन बसतो. हा सगळा हिशेब बावीस वर्षं लाल कापडी बांधणीच्या वह्यांत होता.

तालुक्याच्या गावी चार माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. दोघे भाऊ, एक प्रोग्रॅमर, आणि फोनवर गिऱ्हाइकांना शांत ठेवणारी एक ताई. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका आंबा बागायतदार गटासाठी प्रोग्रॅम केला होता: किती पेट्या भरल्या, वाशीला कोणाकडे गेल्या, दलालाची पट्टी काय आली, खर्च वजा जाता बागायतदाराला किती मिळाले, खतं-औषधांसाठी दिलेली उचल किती फिटली. तो प्रोग्रॅम उत्तम चालतोय, आजही.

मी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि आता कणकवलीजवळ घरी असतो. या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मला मध्ये बसवलं, म्हणून ते आतून पाहता आलं. दोघांनाही विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत.

संस्थेने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंपनीला बोलावलं. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढ्यात सॉफ्टवेअर तयार करून, शिकवून, १ ऑगस्टला चालू करायचं ठरलं. किंमत ३,६०,००० रुपये, तीन सारखे हप्ते: ऑर्डरला एक, चालू झाल्यावर एक, तीन महिने वापरल्यावर शेवटचा. दीड पानी करारात दोन वाक्यं अशी होती: ‘संस्थेच्या गरजेनुसार नवीन सॉफ्टवेअर विकसित करून देण्यात येईल’ आणि ‘सदर सॉफ्टवेअरचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील’. पुढचं सगळं भांडण या दोन वाक्यांतून निघालं. ती लिहिताना दोन्हीकडच्या कोणीही पाच मिनिटंसुद्धा विचार केला नव्हता. धाकट्या भावाने ती इंटरनेटवरच्या कुठल्याशा नमुन्यातून उचलली होती. म्हणजे करारसुद्धा जुनाच वापरलेला!

अडचण कुठून सुरू झाली

पहिली ठिणगी जुलैतच पडली होती, पण तेव्हा सगळे हसले. संस्थेच्या ऑफिसात डेमो चालला होता. क्लार्कने बांगडा निवडला, वजन टाकलं, आणि शेजारच्या चौकटीत आपोआप शब्द उमटला: ‘डझन’. सचिव चष्मा वर करून म्हणाले, “अरे, बांगडो कधीपासून डझनान जाऊक लागलो?” प्रोग्रॅमरने “टायपिंगची चूक आहे काका” म्हणून दोन मिनिटांत ‘किलो’ करून दिलं.

टायपिंगची चूक ती नव्हतीच. आंब्याच्या पेटीत माल डझनावर मोजतात, आणि मालाची नोंद करणारा सगळा भाग आंब्याच्या प्रोग्रॅममधून आला होता. खरं सांगायची सोपी आणि फुकट वेळ ती होती. “काका, आंब्याचा प्रोग्रॅम पाया म्हणून घेतलाय, त्याचं राहिलेलं आहे” एवढं म्हटलं असतं तर सचिवांनी चहा मागवला असता. दोन महिन्यांनी तेच वाक्य कबुलीजबाबासारखं वाटलं.

गणपतीला सचिवांचा भाचा पुण्याहून आला. तो मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, आणि मामांनी कौतुकाने नवीन सॉफ्टवेअर दाखवायला त्याला ऑफिसात नेलं. त्याने डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात ती जागा, उघडला. आतल्या टेबलांची, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांची, नावं होती: ‘पेटी’, ‘बागायतदार’, ‘दलाल_पट्टी’, ‘वाशी_खर्च’. पडद्यावर ‘क्रेट’, ‘होडी’, ‘व्यापारी’, ‘लिलाव’ असं सगळं व्यवस्थित बदललेलं होतं, खालचा पाया मात्र आंब्याचा. कोडची प्रत संस्थेकडे होतीच. भाच्याने कंपनीच्या धाकट्या भावाला फोन लावून “जुना कोड दाखवा” म्हटलं. त्याने तो दाखवला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तेव्हा २२,००० ओळींपैकी १७,००० ओळी आंब्याच्या प्रोग्रॅममधून आलेल्या निघाल्या. काही जशाच्या तशा, काही बदललेल्या.

“मामा, सत्त्याहत्तर टक्के जुनं आहे हे,” भाचा म्हणाला. हा आकडा जेटीवर पोचायला संध्याकाळ लागली नाही. तिथे तो ‘ऐंशी टक्के’ झाला आणि पुढच्या मासिक सभेत ‘आंब्यावाल्याचा टाकाऊ माल’ झाला. शेवटचा १,२०,००० चा हप्ता कार्यकारी मंडळाने थांबवला.

‘नवीन’ म्हणजे किती नवीन

मी गेलो तेव्हा दोन्ही बाजू टक्क्यांवर अडल्या होत्या. संस्था म्हणे, ७७ टक्के जुनं तर पैसे २३ टक्केच. कंपनी म्हणे, पडद्यावर जे दिसतं ते सगळं मासळीचं आहे, त्यामुळे १०० टक्के नवीन.

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की दोघेही चुकीची गोष्ट मोजत होते. जुना कोड वापरणं ही लबाडी नव्हे, हा धंदा चालतोच तसा. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत डग्लस मॅक्लरॉय यांनी मांडलं होतं की सॉफ्टवेअर तयार सुट्या भागांतून उभं राहायला हवं, यंत्रं राहतात तसं. आज तेच चालतं. या प्रोग्रॅमच्या खाली जो डेटाबेस आहे, जी फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, आहे, त्यांच्या लाखो ओळी अनोळखी माणसांनी लिहिल्यात आणि मुक्त परवान्याखाली दिल्यात. त्या भाच्याने मोजल्याच नव्हत्या, कारण त्या कोणी मोजत नाही. मोजल्या असत्या तर ‘नवीन’चा वाटा एक टक्काही भरला नसता, आणि त्याच्या पुण्यातल्या कंपनीच्या प्रोग्रॅमचाही नसता.

हे मी सभेत बोललो तेव्हा सचिवांचं उत्तर तयार होतं. मी उदाहरण दिलं होतं घराचं: जुनं घर उतरवतात, त्यातले चांगले चिरे आणि फणसाचे वासे नव्या घराला लावतात, तरी गावात त्याला नवं घरच म्हणतात. सचिव म्हणाले, “बरोबर. पण ते चिरे माझ्याच घराचे असतात. हे आंब्यावाल्याच्या घराचे चिरे, त्याने पैसे मोजलेले, आणि मला नवीन म्हणून लावलेले.”

यावर कंपनीच्या मोठ्या भावाने पहिल्यांदा खरं ते सांगितलं. आंब्याचा प्रोग्रॅम त्यांनी २,८०,००० ला दिला होता आणि त्यावर त्यांचे अकरा महिने गेले होते. तेवढ्यात चौघांचे पगारही निघत नाहीत. पुढे दुसऱ्या कोणाला तरी हाच पाया वापरून देता येईल या हिशेबानेच तो भाव लावला होता. आंबेवाल्याने अख्ख्या चिऱ्यांचे पैसे दिलेच नव्हते! कोकणातल्या छोट्या कंपनीला दुसरा मार्गही नाही. इथलं गिऱ्हाईक पुण्याचा दर देत नाही.

मग चेअरमन बोलले. आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस, सभेत क्वचित तोंड उघडतो. “नवीन होडी बांधलंय, इंजिन जुन्या ट्रॉलराचा घातलंय. होडी नवीनच. पण इंजिनाचा बिल नव्या इंजिनाचा लावलंस, तर मी गप बसतलंय काय?”

त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. होडी नवी की जुनी हा वाद राहिलाच नाही, बिलात काय लिहिलं होतं हा राहिला. आणि बिलात सरसकट लिहिलं होतं: ‘नवीन सॉफ्टवेअर विकास’.

मोजदाद

तरीही आकडा लागणार होता, कारण सभासदांना आकड्याशिवाय काही पटत नाही. बॅरी बोएम यांनी १९८१ साली सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अंदाज काढण्याची ‘कोकोमो’ नावाची पद्धत मांडली. जुना कोड जुळवून घेताना किती काम पडतं याचं एक साधं सूत्र तिच्यात आहे. रचना किती टक्के बदलली त्याला ०.४ ने गुणायचं, कोड किती टक्के बदलला त्याला ०.३ ने, आणि नव्या जागी जोडून तपासायला नव्याच्या तुलनेत किती टक्के काम पडलं त्याला ०.३ ने. तिन्हींची बेरीज म्हणजे नव्याने लिहिण्याच्या तुलनेत पडलेलं काम.

आम्ही कोडचे तीन ढीग केले. पूर्ण नवीन ५,००० ओळी: लिलाव, डिझेल परतावा, बर्फाचा हिशेब. बदललेल्या ८,००० ओळी: रचना २५ टक्के बदललेली, कोड ४० टक्के, जोडणी-तपासणी ९० टक्के. म्हणजे १० अधिक १२ अधिक २७, एकूण ४९ टक्के; ८,००० ओळींचं काम ३,९२० ओळींएवढं. आणि जशाच्या तशा ९,००० ओळी: रचना शून्य, कोड शून्य, जोडणी-तपासणी ३० टक्के धरली. त्याचे ९ टक्के, म्हणजे ८१० ओळी. सगळी बेरीज ९,७३०. २२,००० च्या मानाने ४४ टक्के.

भाच्याचा २३ टक्क्यांचा आणि कंपनीचा १०० टक्क्यांचा आकडा, दोन्ही बाजूला पडले. उलट्या बाजूने पाहिलं तर, सगळं पहिल्यापासून लिहायचं म्हटलं असतं तर त्याच दराने आठ लाखांच्या वर खर्च आला असता आणि १ ऑगस्टचा मुहूर्त चुकला असता हे नक्की. अडीच-तीन महिन्यांत एवढा प्रोग्रॅम कोरा लिहून होत नाही, हे भाच्याने मान्य केलं. मामांनी मान्य करायला अर्धा तास घेतला.

जोडणी-तपासणीचा तो ३० टक्क्यांचा आकडा मी कंपनीच्या तोंडी शब्दावर घेतला होता. “तपासलंय ना सगळं?” “हो हो, तपासलंय.” वीस वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाने असं करायला नको होतं. पुढे त्याची किंमत कळली.

हक्कांचा गुंता

दुसरं वाक्य, ‘सर्व हक्क संस्थेकडे’, पहिल्यापेक्षा अवघड निघालं. कुडाळच्या एका वकिलांकडे तासभर बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्याला नोकरीवर ठेवणारा. पण बाहेरच्या कंपनीकडून पैसे देऊन करून घेतलं म्हणून गिऱ्हाईक आपोआप मालक होत नाही. फोटो, चित्र, चित्रपट करवून घेणाऱ्याला मालकी देणारं पोटकलम आहे, त्यात प्रोग्रॅम नाही. हक्क हवे असतील तर ते लेखी, सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

म्हणजे कायमचे वाटलेले ‘सर्व हक्क’ मुदत न लिहिल्यामुळे पाच वर्षांचे होते. सचिवांना हे ऐकून जेवढा धक्का बसला तेवढा ७७ टक्क्यांनीही बसला नव्हता.

कंपनीची बाजू त्याहून नाजूक होती. ‘सर्व हक्क’ दिले म्हणजे त्या १७,००० ओळींचेही दिले. मग उद्या आंब्याच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायची तर मच्छीमार संस्थेची परवानगी लागणार! नशीब एवढंच की आंबेवाल्यांच्या करारात हक्कांबद्दल चकार शब्द नव्हता, त्यामुळे तो कोड कंपनीचाच राहिला होता. तिथेही हेच नमुन्यातलं वाक्य चिकटवलं असतं, तर कंपनीने स्वतःचं न उरलेलं काहीतरी दुसऱ्यांदा विकलं असतं, आणि ते प्रकरण माझ्यासारख्याच्या आवाक्यात राहिलं नसतं.

लेखापरीक्षकांना मात्र यातलं काही अवघड वाटलं नाही. संस्थेने वस्तू बाहेरून विकत घेतली, दिली ती किंमत मत्तेच्या बाजूला; आत कोड जुना की नवा याच्याशी हिशेबाला देणंघेणं नाही. दोन मिनिटांत विषय संपला.

समोर असलेले मार्ग

संस्थेपुढे चार मार्ग होते. हप्ता बुडवायचा, अर्धी किंमत मागायची, करारावर बोट ठेवून ‘पुन्हा पहिल्यापासून लिहा’ म्हणायचं, नाहीतर किंमत मान्य करून करार सुधारून घ्यायचा. तिसऱ्याचा आग्रह दोन तरुण सदस्यांनी धरला. मी त्यांना एवढंच विचारलं की दोन हंगाम आंब्यावर घासून निघालेला कोड टाकून न घासलेला कोड घेण्यात संस्थेचा फायदा काय. त्यावर उत्तर आलं, “तत्त्वाचा प्रश्न आहे.” कोकणात एकदा तत्त्वाचा प्रश्न झाला की केस तीन पिढ्या चालते, म्हणून मी तो विषय वाढवला नाही.

कंपनीकडे एक मार्ग होता ज्याबद्दल सभेत कोणाला माहीत नव्हतं. जुलैत, ‘डझन’ प्रकरणानंतर, प्रोग्रॅमरने सुचवलं होतं की सगळ्या टेबलांची नावं बदलून टाकू, एका दुपारचं काम आहे. मोठ्या भावाने नको म्हटलं. चालू गाडीचं चाक काढू नये म्हणून, प्रामाणिकपणासाठी नव्हे, हे त्याने स्वतःच मला सांगितलं. नावं बदलली असती तर भाच्याला एवढ्या लवकर काही कळलं नसतं. आणि पुढे जे झालं त्याचं मूळ शोधायलाही कितीतरी दिवस जास्त लागले असते.

काय केलं

नोव्हेंबरात कच्चा समझोता झाला. संस्थेने १,२०,००० पैकी ९०,००० द्यायचे. उरलेल्या ३०,००० च्या बदल्यात कंपनीने एक वर्षाची देखभाल फुकट करायची. करारातली दोन्ही वाक्यं काढून नवी घालायची. आंबा आणि मासळी दोन्हींत असलेला कोड कंपनीचा. संस्थेला तो स्वतःच्या कामासाठी कायम वापरायचा परवाना आणि कोडची प्रत. लिलाव आणि डिझेल परताव्याचा नवीन भागही कंपनीचाच, पण तो दुसऱ्या मच्छीमार संस्थेला विकला तर या संस्थेला त्या प्रत्येक विक्रीमागे एक वर्ष देखभाल मोफत. ही शेवटची अट चेअरमनची. संस्थेला कोडची मालकी घेऊन करायचं काय, असं ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

सह्या जानेवारीतल्या सभेत व्हायच्या होत्या.

१ जानेवारी

वर्षाच्या शेवटी मालवण-तारकर्लीत पर्यटक मावत नाहीत, मासळीला भाव असतो, त्यामुळे १ जानेवारीला सकाळी जेटीवर गर्दी होती. क्लार्कने नेहमीप्रमाणे लिलावाची रक्कम टाकली, देणं काढलं, चिठ्ठी छापली. सहा होड्यांचे पैसे देऊन झाले. सातवा आलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जुना, स्वतःची छोटी वही खिशात बाळगणारा. त्याने चिठ्ठी पाहिली, वही पाहिली, आणि चिठ्ठी परत टेबलावर ठेवली. “माझी डिझेलाची बाकी खय गेली?”

चिठ्ठीत उधारी शून्य होती. सगळ्याच होड्यांची शून्य होती. डिझेल, बर्फ, उचल, ऑगस्टपासूनचं सगळं येणं एका रात्रीत पुसलं गेल्यासारखं दिसत होतं. सहा होड्यांना मिळून ८६,००० रुपये जास्त गेले होते.

प्रत्यक्षात काही पुसलं नव्हतं. आंब्याचा हंगाम फेब्रुवारीत उघडतो आणि जूनमध्ये संपतो. तो एका कॅलेंडर वर्षात बसतो. म्हणून आंब्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘हंगाम’ या रकान्यात तारखेतलं वर्ष उचलून टाकलं होतं. दोन वर्षं तिथे ते बिनचूक चाललं. मासळीचा हंगाम ऑगस्टात उघडतो आणि मेमध्ये संपतो, मधे ३१ डिसेंबर ओलांडतो. १ जानेवारी उजाडताच प्रोग्रॅमने नवीन हंगाम सुरू केला आणि बाकी शून्यापासून मोजायला लागला. एका ओळीचा कोड. चुकीचा नव्हे, आंब्यासाठी बरोबर असलेला.

ती ओळ कोणत्या ढिगात होती? जशाच्या तशा ९,००० ओळींच्या. त्या ओळींचे पैसे का द्यायचे असं संस्था विचारत होती. त्यांत काही करावं लागत नाही असं कंपनी समजत होती. आणि मी त्यांना ३० टक्के तपासणी झाल्याचं गृहीत धरलं होतं. प्रोग्रॅमरला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “ते आंब्यात चालतंच होतं ना सर.” म्हणजे तपासणी शून्य. माझी बेरीज ४४ नव्हे, साडेचाळीस टक्के होती, आणि मधले साडेतीन टक्के म्हणजे ती सकाळ.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही चूक नवीन नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा कोड एरियान ४ वरून आणलेला होता, तिथे उत्तम चाललेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावला नाही. आणि जो हिशेब करताना हे झालं, त्या हिशेबाची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजच नव्हती. जुन्या रॉकेटची सवय म्हणून तो चालू ठेवला होता. आमच्या जेटीवर फक्त ८६,००० रुपयांवर भागलं, आणि होडीवाले सगळे गावचेच असल्याने पंधरा दिवसांत ते परतही आले. एकाने पैशांबरोबर सुरमई आणून दिली, ती कोणाच्या हिशेबात धरायची यावर ऑफिसात थोडा वाद झाला.

निकाल

कंपनीने त्याच दिवशी दुपारी ‘हंगाम’ तारखेवरून काढायचं बंद करून संस्थेने ठरवलेल्या सुरुवात-शेवटाच्या तारखांवर आणलं. मग, न सांगता, प्रोग्रॅमर आणि ती फोनवरची ताई असे दोघे आठवडाभर त्या ९,००० ओळींवर बसले. ताईला कोड येत नाही, पण तिला आंब्याचा आणि मासळीचा दोन्ही व्यवहार ठाऊक होता. तो ओळ वाचून मराठीत सांगायचा, ती म्हणायची “आंब्यात हो, मासळीत नाही.” आणखी तीन जागा निघाल्या. त्यांपैकी एक अशी: आंब्याची एक पेटी एकाच दलालाकडे जाते, म्हणून एका नोंदीला एकच खरेदीदार. मासळीचा एक ढीग दोन व्यापाऱ्यांनी वाटून घेतला की क्लार्क दोन खोट्या नोंदी करून भागवत होता, आणि त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं कॉम्प्युटरचा नियमच तसा असेल.

फेब्रुवारीत सह्या झाल्या. ९०,००० मिळाले. तरुण सदस्यांनी आणखी कपात मागितली, पण चेअरमननी ऐकलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मेमधल्या कोटेशनमध्ये ‘आमच्या आंबा प्रोग्रॅमच्या पायावर’ हे चार शब्द असते तर सप्टेंबरचं भांडण झालंच नसतं, असं मोठा भाऊ म्हणतो. मला तेवढी खात्री नाही. सचिवांनी तेव्हा भाव पाडायला घेतला असता, आणि कदाचित ऑर्डर गेलीही असती. भीती खोटी नव्हती. पण त्या चार शब्दांनी एक प्रश्न मात्र आपोआप आला असता: आंब्यात आणि मासळीत फरक काय? तो जेटीवर कोणालाही विचारला असता तर पहिल्या दहा मिनिटांत ‘आमचा हंगाम ऑगस्टपासून’ हे उत्तर मिळालं असतं. उगम लपवला की फरक विचारायची सोय राहत नाही, कारण विचारलं की उगम कळतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच वाटते.

संस्थेने मे महिन्यात एक प्रश्न विचारायला हवा होता: अडीच-तीन महिन्यांत हे कसं करणार? घाईने मिळणारी वस्तू कुठून तरी तयार आलेली असते, हे होडी बांधून घेणाऱ्या माणसांना सांगायला नको. त्यांनी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

आणि मी टक्के मोजण्याऐवजी पहिल्या दिवशी त्या ९,००० ओळींची तपासणी कुठे लिहिलीय ते मागायला हवं होतं. सूत्रात आकडा भरला की तो खरा वाटायला लागतो, मोजणाऱ्यालाही.

त्यानंतर

पुढच्या मेमध्ये वेंगुर्ल्याकडच्या एका मच्छीमार संस्थेने तेच सॉफ्टवेअर मागितलं. या वेळी कंपनीच्या कोटेशनमध्ये तीन रकाने होते: जसंच्या तसं, बदलून, आणि नवीन. प्रत्येकापुढे रक्कम. तिथल्या सचिवांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “जसाच्या तसा आसा तर बावीस हजार कसले?”

प्रोग्रॅमरने त्यांना १ जानेवारीची सकाळ सांगितली, त्या तांडेलाच्या वहीसकट. त्यांनी बोट उचललं आणि दुसऱ्या रकान्यावर घासाघीस सुरू केली.